दूध पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं? (लेक १८ दिवसांची)

सुरंगी_फोंडा
१९ जुलै, पहाटे ३:४०

कुणी जागं आहे का? लेक आज अठरा दिवसांची झाली. सिझेरियन होतं. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम, चौथ्या दिवशी घरी आणली तेव्हा २ किलो ६८०. सध्या माहेरी आहे, फोंड्याजवळ.

संध्याकाळी साडेपाच वाजले की रात्री अकरापर्यंत ती माझ्या अंगावरून सुटतच नाही. वीस मिनिटं पिते, डोळा लागतो, खाली ठेवली की पाच मिनिटांत परत तोंड इकडेतिकडे फिरवायला लागते आणि मग रडारड. शेजारच्या काकी दारातूनच विचारतात, "दूद पावना गो भुरग्याक?" (दूध पुरत नाही का गं बाळाला?) आई काही बोलत नाही, पण परवा तिने बाबांना फार्मसीतून पावडरचा डबा आणायला सांगितला. तो कपाटावर आहे, अजून उघडलेला नाही. रोज रात्री मी पाजत बसते आणि समोर तो डबा दिसतो.

पहिल्या आठवड्यात छाती दगडासारखी झाली होती, आता एकदम मऊ लागते, त्यामुळे मलाच वाटायला लागलंय की दूध आटलं. काल पंप लावून बघितलं तर अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम ३० मिली आलं आणि मला रडूच फुटलं. उजव्या बाजूला चीर पण पडलीय, तोंड लावलं की पहिला मिनिटभर जीव जातो.

दोन गोष्टी विचारायच्यात. पुरतंय की नाही हे नक्की ओळखायचं कसं? आणि घरच्यांना सांगायचं कसं?

रातराणी
१९ जुलै, पहाटे ३:५२

जागी आहे गं, माझा पाच आठवड्यांचा आहे, या वेळेला आम्ही दोघं पण असतोच. आधी एक सांग, दिवसाला शू किती वेळा करते? आणि शी कसली होते?

सुरंगी_फोंडा
१९ जुलै, पहाटे ४:०५

मोजली नाही कधी. दिवसा लंगोट, रात्री डायपर. दिवसभरात सातआठ लंगोट तरी ओले होतात, रात्रीचा डायपर जड असतो. शी पिवळी, मोहरीचे दाणे असल्यासारखी, चारपाच वेळा.

रातराणी
१९ जुलै, पहाटे ४:०९

मग मला नाही वाटत कमी पडतंय असं. पण माई येऊदेत, त्या नीट सांगतील. झोप थोडी.

माई_वाळपई
१९ जुलै, सकाळी ७:३०

सुरंगी, मी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते, निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. सत्तरी तालुक्यातल्या गावागावांत बाळंतिणींकडे जायचे आणि तुझा हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळायचा, तोही बाळंतिणीच्या तोंडून कमी आणि घरातल्या बाकीच्यांच्या तोंडून जास्त.

बाळ किती रडतं यावरून दूध मोजू नकोस. बाळाला गरम झालं तरी रडतं, ढेकर अडकली तरी रडतं, नुसतं कुशीत यायचं असलं तरी रडतं. छातीवरूनही मोजू नकोस. पहिले काही दिवस शरीराला अंदाज नसतो किती लागणार आहे म्हणून दूध दाटतं, छाती टणक होते. दोनतीन आठवड्यांत बाळाच्या मागणीशी मेळ बसला की छाती मऊ होते, म्हणजे आटलं नव्हे, घडी बसली. आणि त्या पंपावर तर विश्वास ठेवूच नकोस. बाळ जिभेने आणि जबड्याने जसं ओढतं तसं यंत्राला जमत नाही, शिवाय मन घाबरलेलं असलं की पान्हा लवकर सुटत नाही. ३० मिली आलं म्हणजे बाळालाही तेवढंच मिळतं असं धरू नकोस.

मोजायचं ते शू, शी आणि वजन. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, रंग पाण्यासारखा फिका. शी काळीची हिरवी आणि हिरवीची पिवळी झालेली. हे दोन्ही तुझं ठीक दिसतंय. राहिलं वजन. पहिल्या दिवसांत सगळीच बाळं थोडी उतरतात, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतात. तुझी २२० ग्रॅम उतरली म्हणजे साधारण साडेसात टक्के, ते काळजीचं नाही. पण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर यायला हवं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. अठरा दिवस झाले आणि अजून वजन केलं नाहीस ही एकच गोष्ट मला खटकते. उद्या परवा आरोग्य केंद्रात जा, बाळाला उघडं करून काट्यावर ठेव, पुढच्या वेळी त्याच काट्यावर. दोन वेगळ्या काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक सहज येतो आणि उगाच घरभर रडारड होते.

संध्याकाळचं चिकटून बसणं या वयात अगदी होतं. रात्री जरा लांब झोपण्याआधी बाळं अशी थोडीथोडी सारखी पितात. तू तेव्हा वरचं दूध दिलंस तर पोट भरून झोपेल, पण अंगाला निरोप जाईल की एवढी गरज नाही, आणि मग खरंच कमी होईल.

चिरेबद्दल. ती नुसतं बोंड तोंडात धरत असणार. तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरून जास्त दिसला पाहिजे, खालून कमी. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि परत लाव. टाके ओढत असतील तर काखेखाली धरून पाज, किंवा कुशीवर झोपून. पाजून झालं की स्वतःचंच दोन थेंब दूध चिरेला लावून वाळू दे.

म्हापशाचा_बाबा
१९ जुलै, सकाळी ९:१५

माईंनी सगळं सांगितलं, मी फक्त दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आमच्याकडे पण रोज कोण ना कोण विचारायचं, पुरतं का पुरतं का. बायको रडकुंडीला यायची. एक दिवस तिची मावशी आली आणि तेच विचारलं तर बायकोने तिला हाताला धरून मागच्या बाल्कनीत नेलं आणि लंगोटांची दोरी दाखवली. म्हणाली मावशी, मोजा. अकरा निघाले! मावशी हसायला लागली आणि मग घरात तोच हिशोब सुरू झाला, संध्याकाळी कोणी ना कोणी दोरी मोजायचं आणि आकडा ओरडून सांगायचं.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत, पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळाली ती सगळी घेतली. पाजणं आईनेच करायचं पण पाजून झाल्यावर बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, आलेल्यागेलेल्याशी बोलणं हे मी करायचो. शेजारणींना उत्तर द्यायचं काम बाळंतिणीचं नाहीच. नवरा कुठे आहे तुझा?

सुरंगी_फोंडा
१९ जुलै, सकाळी ११:४०

माई, तुमचं दोनदा वाचलं. काखेखाली धरून बघितली, पहिल्यांदाच दुखलं नाही. डोळ्यांत पाणी आलं.

नवरा वेर्ण्याला कंपनीत आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. आला की तिला छातीवर घेऊन तासन् तास पडून असतो, तेवढे दोन दिवस मी झोपते.

डिचोलीची_पोर
१९ जुलै, दुपारी १:०५

तो डबा आधी घराबाहेर काढ. समोर दिसला की कधीतरी रात्री दोन वाजता उघडला जातो. माझ्या वेळी खासगी हॉस्पिटलमध्ये पहिल्याच रात्री मला न विचारता पावडरचं दूध बाटलीने पाजलं, का तर म्हणे आईला अजून दूध आलं नाही. अहो पहिल्या दिवशी बाळाचं पोटच चेरीएवढं, एका वेळेला पाचसात मिली मावतं, तेवढा चीक, म्हणजे पहिलं पिवळं दूध, असतो की! मला हे कोणी सांगितलंच नाही. नंतर माझी पोरगी अंगावर घ्यायलाच तयार नव्हती, तीन आठवडे मी रडत काढले. १९९२ चा कायदा आहे, २००३ साली आणखी कडक केला, डब्याची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. एवढा कायदा कशासाठी केला असेल याचा विचार करा. डबा नकोच.

गालजीबाग
१९ जुलै, दुपारी २:३०

डिचोली, तुझ्यावर जे झालं ते चूकच. पण "डबा नकोच" हे असं सरसकट लिहू नकोस, कारण हे वाचणारी एखादी माझ्यासारखी असेल.

माझा मुलगा अजिबात रडायचा नाही. पाजायला घेतला की दोन मिनिटांत झोपायचा, आणि घरचे सगळे खूश, किती शांत बाळ, किती गुणी बाळ. मी पण खूश होते. लंगोट दिवसाला तीनचार ओले व्हायचे आणि त्यावर केशरी डाग पडायचे, ते काय असतं मला माहीतच नव्हतं. सोळाव्या दिवशी मडगावला डॉक्टरांकडे नेला तर जन्माच्या वजनाला अजून दीडशे ग्रॅम कमी. तो शांत नव्हताच, त्याच्यात रडायची ताकद नव्हती. हे लिहिताना आजही माझे हात गार पडतात.

जिभेखालची तार आखूड निघाली, जीभ पुढे येतच नव्हती, ओढणार काय? ती कापली, मिनिटभराचं काम. पण तोपर्यंत माझं दूध खरंच कमी झालं होतं. दोन आठवडे आधी अंगावर, मग पावडरचं बोंडल्याने, मग पंप, असं दर तीन तासांनी रात्रंदिवस चाललं. डॉक्टरांनी बाटली नको म्हणून सांगितलं होतं, सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढून उकळून दिलं. महिन्याभरात पावडर सुटली. त्या डब्याने माझं बाळ वाचवलं आणि अंगावरचं पण वाचवलं. म्हणून सांगते, वजन केल्याशिवाय डबा उघडू नका आणि वजन केल्याशिवाय फेकू पण नका.

डिचोलीची_पोर
१९ जुलै, दुपारी ३:१०

गालजीबाग, वाचून गलबलून आलं. मी माझ्या रागात लिहिलं. तुझं शेवटचं वाक्य बरोबर आहे.

आज्जी_पेडणे
१९ जुलै, संध्याकाळी ६:२०

नातीकडून टाईप करून घेतेय. तुम्ही सगळ्या वजनकाटे आणि पंप बोलता पण बाळंतीण काय खाते हे एकीनेही विचारलं नाही! उकड्या तांदळाची मऊ पेज दिवसातून तीनदा तरी हवी. मेथ्यांची पेज नारळाचा रस आणि गूळ घालून. अळीव. मस्कापाल्याची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी खोबरं घालून. आणि मोरी माशाचं (लहान शार्क) सुकं, त्याच्यासारखं दूध कशानेच येत नाही. मुडदुशी पण बाळंतिणीला हलकी. अंगाला घरचं खोबरेल चोळून भाणातल्या कढत पाण्याने न्हाणं, मग धुरी, मग शेक. दीड महिना गार पाण्यात हात नाही. सुवेर (सोयर) संपलं की लगेच उठून कामाला लागतात आजकालच्या मुली, मग दूध कुठून येणार?

पणजी_भाट
१९ जुलै, संध्याकाळी ७:००

आज्जी, मोरी आणायची कुठून, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद आहेत ना. बाजारात सगळी खाडीचीच मासळी आणि भाव विचारू नका. मुडदुशी मात्र मिळते, माझ्या वहिनीला आम्ही होड्यांवाल्यांकडून आणतो.

सांगेकरीण
१९ जुलै, संध्याकाळी ७:२५

आमच्याकडे मासे चालत नाहीत, मला सगळं मुगाच्या कढणावर आणि शेवग्याच्या पाल्यावर आलं. दोन्ही मुलं दीडदीड वर्ष प्यायली. हे पण सांगून ठेवते, नाहीतर शाकाहारी घरातल्या मुली घाबरायच्या.

पण मला दुसरंच विचारायचंय, या पावसात लंगोट वाळवता कसे? आमच्याकडे चार दिवस ऊन नाही. सासूबाई इंगळांवर टोपली उपडी घालून वाळवतात, कपड्यांना धुराचा वास येतो आणि बाळ शिंकतं.

रातराणी
१९ जुलै, संध्याकाळी ७:४०

फ्रिजच्या मागे दोरी बांध! खरंच, गरम हवा येते तिथे. राहिलेला ओलावा इस्त्रीने. आणि लंगोट तीन डझन तरी हवेत पावसात.

माई_वाळपई
१९ जुलै, रात्री ८:३०

आज्जी, जेवणाचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, मी विसरलेच होते. पेज, अळीव, मस्कापाला, मासे, सगळं चांगलं. पाजणाऱ्या आईला भूक जास्त लागते आणि तहान तर फारच, पाजायला बसताना तांब्याभर पाणी शेजारी हवं. पोटभर खाल्लं, झोप मिळाली, मन शांत राहिलं की दूध येतं. एखादा पदार्थ नाही मिळाला म्हणून कोणाचं अडत नाही, तेव्हा मोरीसाठी जीव टांगणीला लावू नका. न्हाणं आणि तेल पण चालेल, सिझेरियनच्या टाक्यांवर फक्त डॉक्टर सांगेपर्यंत काही चोळू नका.

शेगडी आणि धुरीला मात्र माझा विरोध आहे. बंद खोलीत इंगळ ठेवून बाळबाळंतिणीला शेकायचं म्हणजे त्या धुरात कोंडायचं, एवढ्याशा फुफ्फुसांना तो सोसत नाही. गरम पाण्याची पिशवी घ्या. बाळाला मध नको, वर्षभर नको, त्यातून येणाऱ्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. गुटी नको, जायफळ उगाळून तर अजिबात नको. पाणीसुद्धा नको, सहा महिने फक्त आईचं दूध, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा. डॉक्टर व्हिटॅमिन डीचे थेंब देतात, दिवसाला ४०० युनिट, ते तेवढे द्या.

पणजी_भाट
१९ जुलै, रात्री ८:५०

माई, आमच्या शेजारी एक आजी बाळाला सर्दी झाली की छातीला फेणी चोळायला सांगतात. पूर्वी सगळेच चोळायचे म्हणे.

माई_वाळपई
१९ जुलै, रात्री ९:०५

नको! बाळाच्या कातडीतून दारू अंगात जाते. चोळायची पण नाही आणि ब्रँडीचे थेंब पाजायचे पण नाहीत. नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये खाऱ्या पाण्याचे थेंब मिळतात.

आज्जी_पेडणे
१९ जुलै, रात्री ९:४५

माई, तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकते. मघाशी मी रागावून लिहिलं. आता एक सांगते, हे मी नातीला पण आज पहिल्यांदा सांगतेय.

१९७१ साली मला पहिला मुलगा झाला. घरीच, वैजिणीच्या, म्हणजे सुईणीच्या, हातून. सासूने तीन दिवस बाळाला अंगाला लावू दिलं नाही. पिवळं दूध, विषारी असतं, बाळाला बाधतं म्हणून मला पिळून टाकायला लावायची. न्हाणीत बसून मी टाकायची आणि बाहेर बाळ रडत असायचं. त्याला मधाचं बोट आणि शेळीचं दूध पाणी घालून. सटीच्या रात्री बायका जागर करत होत्या, कपाळावर नशीब लिहायला सटवाई येते म्हणून पाटावर कागद आणि लेखणी ठेवली होती, आणि मी देवीला एवढंच सांगत होते की याला जगव. जुलाब होऊन फार खंगला होता तो. जगला, आज त्याला नातवंडं आहेत. पण ते पिवळं दूध मी माझ्या हाताने न्हाणीत ओतलं ते काही डोळ्यांसमोरून जात नाही. दुसऱ्या वेळी मी कोणाचं ऐकलं नाही, वैजिणीला सांगून नाळ कापल्याबरोबर मुलीला घेतलं.

सुरंगी, तुझ्या आईला वाईट समजू नकोस. मुकाट्याने डबा आणून ठेवणारी बाई घाबरलेली असते.

रातराणी
१९ जुलै, रात्री १०:१०

आज्जी 🙏

बांबोळी_२०१९
२० जुलै, पहाटे २:१५

आज्जींचं वाचून झोप उडाली. माझी मुलगी ३३ आठवड्यांची झाली, दीड किलोची. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) बाळांच्या आयसीयूत चोवीस दिवस. पहिल्या दिवशी नर्सने माझ्या हातात छोटी वाटी दिली आणि म्हणाली जेवढं येईल तेवढं पिळा, एक थेंब असला तरी आणा, ते औषध आहे. पहिल्यांदा चमचाभर पण नव्हतं, ते सिरिंजमध्ये ओढून नळीने दिलं तिला. मी दर दोनतीन तासांनी काढायचे. नंतर छातीवर कातडीला कातडी लावून तासन् तास घ्यायला दिली तेव्हा दूध एकदम वाढलं, ते मी स्वतः बघितलंय. वॉर्डात एकीला कमी येत होतं, तेव्हा डॉक्टरांनी मातृदुग्धपेढीबद्दल सांगितलं, आशियातली पहिली मुंबईला सायन हॉस्पिटलात १९८९ साली सुरू झाली. दुसऱ्या आईचं दूध तपासून, पाश्चराइज करून अशा बाळांना देतात.

सुरंगी, काढलेलं दूध ठेवायचं असेल तर बाहेर चार तासांच्या वर नको, आणि गोव्याच्या उकाड्यात त्याहून आधीच संपव. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण दारात नको, आत मागे. पावसात लाईट सारखी जाते तेव्हा जास्त साठवू नको.

वेर्णा_शिफ्ट
२० जुलै, सकाळी ८:०५

मी पण कंपनीतच. २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे कायद्याने, २०१७ पासून, पहिल्या दोन मुलांपर्यंत. एचआर काही बोलला तरी आधी लेखी मागा. रजा संपायच्या पंधरा दिवस आधी पंपाची सवय करा, आत्तापासून नको.

गालजीबाग
२० जुलै, सकाळी १०:३०

सुरंगी, एक विचारू? पंपाच्या वेळी रडू फुटलं लिहिलंस. इतर वेळी कशी आहेस तू? पहिले दोन आठवडे रडू येतंच, सगळ्यांना येतं. पण दोन आठवड्यांनंतरही रोज येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, किंवा आपण नसतो तर बरं असं मनात येत असेल तर ते आजारपण आहे, त्याला उपचार आहे. मला झालं होतं. डॉक्टरांना सांग, आणि रात्रीबेरात्री १४४१६ वर फोन करता येतो, टेलिमानस, सरकारचं आहे, फुकट.

सुरंगी_फोंडा
२० जुलै, दुपारी ३:५०

विचारलंस म्हणून बरं वाटलं गं. रडू आता संध्याकाळीच येतं, ती चिकटते तेव्हा. दुपारी ती झोपली की मी पण झोपते. तसलं काही मनात येत नाही. पण नंबर लिहून ठेवला.

उद्या वजनाला जातोय.

सुरंगी_फोंडा
२१ जुलै, संध्याकाळी ५:१०

तीन किलो १२० ग्रॅम!!!

नर्सने दोनदा काट्यावर ठेवली, मीच सांगितलं परत ठेवा म्हणून. सतरा दिवसांत ४४० ग्रॅम, दिवसाला २५ च्या वर. त्यांनी जिभेखाली पण बघितलं, ठीक आहे. मी तिथेच बाकावर बसून पाजली आणि समोर डबा नव्हता तर किती वेळ गेला कळलंच नाही.

आता दुसरा प्रश्न. काल रात्री आज्जींनी लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. आई लंगोटांच्या घड्या घालत होती. ऐकून झाल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तू झालीस तेव्हा गणपतीची चवथ पंधरा दिवसांवर होती, घरात पाहुणे, मला पाजायला बसायला जागाच नसायची. तू रडायचीस आणि सगळे म्हणायचे हिचं दूध पावत नाही. एका महिन्यात तुला बाटली लावली. मी किती वर्षं समजते की माझ्या अंगातच दूध नव्हतं, आणि तुझं पण तसंच होणार म्हणून डबा आणून ठेवला.

मला आतापर्यंत वाटायचं ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

आज वजन करून आलो तर शेजारच्या काकी पायरीवर होत्याच, आणि मी काही बोलायच्या आत आईनेच सांगितलं, "पावता गो दूद. तीन किलो जाली." मग मला आत पाठवून ती त्यांच्याशी बोलत बसली.

म्हापशाचा_बाबा
२१ जुलै, संध्याकाळी ५:२२

वा वा वा! आता दोरी मोजायला लागा!

आज्जी_पेडणे
२१ जुलै, संध्याकाळी ६:००

आईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं तिच्या अंगात दूध होतं. बसायला जागा नव्हती.

डिचोलीची_पोर
२१ जुलै, संध्याकाळी ६:१५

आज्जी 😭

सुरंगी, आणि डब्याचं काय केलंस?

सुरंगी_फोंडा
२१ जुलै, रात्री ११:२०

कपाटावरच आहे, गालजीबागचं ऐकून फेकला नाही. आईने त्याच्यावर घडीच्या लंगोटांची टोपली ठेवलीय, त्यामुळे दिसत नाही. आज पण साडेपाच ते साडेदहा सगळं तसंच चाललंय, पण रडू नाही आलं.

पणजी_भाट
२ ऑगस्ट, सकाळी ९:४०

आज्जी, मोरी आली हो बाजारात! वहिनीसाठी घेतली. सुक्याला खोबरं भाजून घालायचं की कच्चं?

आज्जी_पेडणे
२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

भाजून. धणे थोडे जास्त, तिखट बेताचं बाळंतिणीसाठी, आणि तिरफळं ठेचून शेवटी. मासा आधी कढत पाण्यातून काढून कातडी खरवडून घे, नाहीतर कचकच लागते.

रातराणी
६ ऑगस्ट, पहाटे ३:३०

माई, सुरंगीचं वाचून मला वाटलं होतं माझी ती वेळ संपली, तर माझा सात आठवड्यांचा होऊन पण दोन दिवस परत तासातासाला मागतोय. सहा आठवड्यांचं इंजेक्शन झालं, ताप उतरला, पण हे सुरूच. वजन चांगलं आहे, शू नऊदहा वेळा.

माई_वाळपई
६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

वाढीचा टप्पा आहे, मध्ये मध्ये असे येतात. दोनचार दिवस मागेल तेव्हा पाज, मग आपोआप अंतर पडेल. सुरंगी, तुझी पण सहा आठवड्यांच्या आसपास असंच करेल, तेव्हा आईला आधीच सांगून ठेव. आणि हा आठवडा जागतिक स्तनपान सप्ताह आहे, ७ तारखेपर्यंत, जवळच्या आरोग्य केंद्रात कार्यक्रम असेल तर बाळाला घेऊन जा, वजन पण होईल. काटा मात्र तोच बघून घे.